एका बैठकीची गोष्ट : एडगर ॲलन पो

रात्री निजण्यापूर्वी सहज म्हणून रहस्यकथा हाती घ्यावी आणि ती संपेपर्यंत दिवा मालवू नये, हा अनुभव बहुतेक वाचकांना असतो. पुढे काय होणार, ही उत्कंठा आपल्याला जागे ठेवते. मासिकांत आणि दिवाळी अंकांत अशा कथांना हमखास जागा असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मात्र लेखकाची प्रतिष्ठा ठरे ती काव्यावर किंवा दोन-तीन खंडांच्या कादंबरीवर. भयाच्या लहान गोष्टी इंग्लंडमधील मासिकांत छापल्या जात आणि अंकाबरोबरच विसरल्या जात. या उपेक्षित गोष्टीला ज्यांनी शिस्त दिली आणि तिच्याच बळावर पोट भरण्याचे धाडस केले, ते अमेरिकन लेखक म्हणजे एडगर ॲलन पो. शिस्त जगभर मान्य झाली. पोट मात्र भरले नाही.

पो यांचा जन्म १९ जानेवारी १८०९ रोजी अमेरिकेतील बॉस्टन या शहरी झाला. आईवडील दोघेही फिरत्या नाटकमंडळीत अभिनय करीत. वडील लवकरच कुटुंबाला सोडून गेले आणि डिसेंबर १८११ मध्ये रिचमंड येथे आईचाही मृत्यू झाला. तिची तीन मुले तीन ठिकाणी वाटली गेली. अडीच-तीन वर्षांचा एडगर तंबाखूचे व्यापारी जॉन ॲलन यांच्या घरी आला. ॲलन दांपत्याला मूल नव्हते. त्यांनी त्याला नाव दिले, इंग्लंडमधील शाळेत घातले, चांगले कपडे दिले. परंतु कायद्याने दत्तक कधीच घेतले नाही. या एका न झालेल्या सहीमुळे पुढील आयुष्याचे सारे गणित बदलले.

१८२६ साली एडगर व्हर्जिनिया विद्यापीठात दाखल झाला. खर्चाला पुरेसे पैसे मिळेनात; ते मिळवण्यासाठी तो जुगाराकडे वळला आणि कर्जात बुडाला. ॲलन यांनी ते कर्ज फेडण्यास नकार दिला. एका वर्षाच्या आत विद्यापीठ सुटले. पुढच्याच वर्षी अठरा वर्षांच्या या तरुणाने वय बावीस सांगून, खोट्या नावाने सैन्यात नोकरी धरली. त्याच वर्षी त्याचा पहिला काव्यसंग्रह निघाला. त्याच्या अवघ्या ५० प्रती छापल्या गेल्या असे मानले जाते आणि त्यावर लेखकाचे नाव नव्हते. सैन्यात बढती मिळाली. नंतर वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत प्रवेशही मिळाला. पण तेथे मन रमेना. कवायतीला व हजेरीला गैरहजर राहिल्याबद्दल १८३१ साली त्याला काढून टाकण्यात आले. शिक्षण आणि नोकरी असे दोन्ही दरवाजे बंद झाले होते. १८३४ साली जॉन ॲलन वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात पो यांचे नावही नव्हते.

या काळात पो यांना आधार मिळाला तो बॉल्टिमोर येथील त्यांच्या विधवा आत्याचा, मारिया क्लेम यांचा. घरात दारिद्र्य होते, पण या घराने त्यांना कधी परके मानले नाही. येथेच पो कथालेखनाकडे वळले. कवितेने पैसे मिळत नाहीत हे त्यांना कळून चुकले होते आणि वर्तमानपत्रे कथांच्या स्पर्धा जाहीर करीत असत. १८३३ साली बॉल्टिमोरच्या एका साप्ताहिकाने ठेवलेल्या स्पर्धेत, बाटलीत सापडलेल्या हस्तलिखिताच्या रूपाने सांगितलेल्या त्यांच्या सागरी भयकथेला ५० डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, परीक्षकांपैकी जॉन केनेडी या लेखकाचे लक्ष या फाटक्या कपड्यांतील गुणी माणसाकडे गेले. त्यांच्या शिफारशीने १८३५ मध्ये पो यांना रिचमंडच्या 'सदर्न लिटररी मेसेंजर' या मासिकात संपादनाचे काम मिळाले.

१८३६ साली त्यांनी आतेबहीण व्हर्जिनिया हिच्याशी विवाह केला. पो सत्तावीस वर्षांचे होते आणि व्हर्जिनिया तेरा वर्षांची. विवाहाच्या कागदावर मात्र तिचे वय एकवीस लिहिले गेले. यावरून त्या काळीही हे वय लपवावेसे वाटत होते, हे उघड आहे. पुढे पो, व्हर्जिनिया आणि मारिया क्लेम असे तिघांचे बिऱ्हाड रिचमंड, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, पुन्हा न्यूयॉर्क असे नोकरीमागे फिरत राहिले.

मेसेंजरमध्ये मार्च १८३५ च्या अंकात पो यांची 'बेरेनीस' ही कथा प्रसिद्ध झाली होती. वाग्दत्त वधूच्या दातांच्या ध्यासाने वेडा झालेल्या माणसाची ती कथा इतकी भीषण होती की, वाचकांनी तक्रार केली आणि मालक अस्वस्थ झाले. पो यांनी मालकांना पत्र पाठवून ही कथा मर्यादा ओलांडते हे मान्य केले. मात्र त्याच पत्रात, नावारूपाला आलेल्या मासिकांचा इतिहास पाहिला तर त्यांचे नाव अशाच विलक्षण कथांनी झाले आहे, हेही त्यांनी निक्षून सांगितले. लोकांनी वाखाणावे असे वाटत असेल तर आधी लोकांनी वाचले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. तेव्हापासून त्यांच्यातील कलावंत आणि संपादक हे दोघे एकाच टेबलावर बसून काम करू लागले. मासिकाला किती पाने हवीत, वाचकाला किती वेळ आहे, अंक उघडल्यावर त्याची नजर कशावर ठरते, याचा हिशेब करूनच त्यांची कथा जन्म घेई.

या हिशेबातून एक सिद्धांत तयार झाला. १८४२ साली नॅथॅनिएल हॉथॉर्न यांच्या कथासंग्रहाचे परीक्षण करताना पो यांनी तो मांडला. कादंबरी एका बैठकीत वाचून होत नाही. मध्येच वाचक पुस्तक मिटतो, संसाराच्या कामाला लागतो आणि मनावर बसत चाललेला ठसा पुसला जातो. कथा मात्र अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत संपते. तेवढा वेळ वाचकाचे मन संपूर्णपणे लेखकाच्या ताब्यात असते. म्हणून लेखकाने आधी ठरवावे की वाचकाच्या मनावर कोणता एकच परिणाम घडवायचा आहे. मग त्या परिणामाला लागतील तेवढेच प्रसंग योजावेत. पहिल्या वाक्यापासून तो परिणाम साधू लागला नाही, तर कथा पहिल्याच पावलावर अडखळली असे समजावे. शेवट आधी ठरवून आरंभाकडे येण्याची ही रीत आज रहस्यकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाला परिचयाची आहे.

हा सिद्धांत प्रत्यक्षात कसा उतरतो, हे 'द टेल-टेल हार्ट' या कथेत पाहण्यासारखे आहे. ही कथा पाच-सहा पानांचीच आहे. एक माणूस आपण वेडे नाही, हे आपल्याला पटवून देत असतो. ज्या म्हाताऱ्याबरोबर तो राहतो, त्याच्या एका निळसर, पडदा आलेल्या डोळ्याची त्याला भीती वाटते. म्हाताऱ्याने त्याचे काही वाईट केलेले नाही; त्याच्या धनाचाही लोभ नाही. केवळ त्या डोळ्यासाठी तो सात रात्री दार किंचित उघडून, कंदिलाची एक तिरीप सोडून पाहत राहतो. आठव्या रात्री खून होतो. प्रेत फरशीच्या फळ्यांखाली दडवले जाते. पोलीस येतात, त्याच खोलीत गप्पा मारीत बसतात आणि खुन्याच्या कानात हृदयाचे ठोके वाजू लागतात. खून कोणी केला, हे आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक असते. उत्कंठा असते ती हा माणूस केव्हा कोसळेल याची. घर कोठे आहे, ही माणसे कोण, त्यांचे नाते काय, यातले काहीच लेखक सांगत नाही, कारण ठरलेल्या परिणामाला त्याची गरज नाही. वाक्ये आखूड आहेत, काही अर्धवट तुटलेली आहेत आणि शेवटाकडे त्यांची गती वाढत जाते. वाचणाऱ्याचा श्वासही नकळत तशीच लय धरतो.

ही कथा आधी बॉस्टनच्या एका मासिकाने परत पाठवली होती. जानेवारी १८४३ मध्ये कवी जेम्स रसेल लोवेल यांच्या 'द पायोनियर' या नव्या मासिकात ती छापली गेली. तिचे मोल बहुधा दहा डॉलर मिळाले. तीन अंक निघाले आणि हे मासिक बंद पडले. लोवेल कर्जबाजारी झाले. तेव्हा, घरी चूल पेटण्याची मारामार असतानाही, आपल्या येणे असलेल्या पैशांची चिंता करू नये असे पो यांनी त्यांना कळवले. पो यांच्या कडक टीकेने दुखावलेली माणसे पुष्कळ होती; हा प्रसंग त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्याआधी, १८४१ च्या आरंभी, पो फिलाडेल्फियाच्या 'ग्रॅहम्स मॅगझिन'चे संपादक झाले होते. पगार वर्षाला ८०० डॉलर होता. एप्रिल १८४१ च्या अंकात त्यांची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' ही कथा आली. पॅरिसमधील एका आतून बंद असलेल्या खोलीत आई आणि मुलगी यांचे खून होतात. पोलीस गोंधळतात. दूपँ नावाचा एक निर्धन, विद्वान गृहस्थ वर्तमानपत्रातील बातम्या वाचून आणि जागेची पाहणी करून केवळ तर्काने उलगडा करतो. त्याचे हे बुद्धिकौशल्य आपल्याला त्याचा एक मित्र सांगतो, जो आपल्यासारखाच साधा आणि चकित होणारा आहे. खुनी कोण, हे येथे सांगणे म्हणजे ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यावर अन्याय होईल. लंडनच्या पोलिसांची गुन्हे शोधणारी स्वतंत्र शाखा निघाली ती १८४२ साली, म्हणजे या कथेनंतर एका वर्षाने. आधुनिक गुप्तहेरकथा तिच्या नायकासह येथे जन्माला आली, असे मानले जाते.

दूपँची दुसरी कथा लिहिताना पो यांनी अधिक धोका पत्करला. १८४१ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी रॉजर्स नावाच्या तरुणीचे प्रेत हडसन नदीत सापडले होते आणि गुन्हेगार सापडत नव्हता. पो यांनी हीच घटना पॅरिसमध्ये घडल्याचे दाखवून, वर्तमानपत्रांच्या बातम्यांवरून दूपँकडून तिचा छडा लावण्याचे ठरवले. कथा तीन हप्त्यांत प्रसिद्ध होऊ लागली. पहिला हप्ता निघतो न निघतो तोच खऱ्या प्रकरणात नवी माहिती बाहेर आली आणि ती पो यांच्या निष्कर्षाशी जुळेना! अखेरचा हप्ता एक महिना लांबला. पुढे पुस्तकात घेताना त्यांनी आपला अंदाज चुकला नव्हता असे वाटावे अशा रीतीने ठिकठिकाणी शब्द फिरवले. कलेच्या दृष्टीने ही तिन्ही दूपँकथांतील दुबळी कथा आहे. तरी घडलेल्या गुन्ह्यावर कथा रचण्याच्या पुढील काळातील प्रथेची ती एक वडीलधारी आहे.

पो यांना सांकेतिक लिपींचे वेड होते. एका साप्ताहिकात त्यांनी वाचकांना सांकेतिक मजकूर पाठवण्याचे आव्हान दिले होते आणि आलेले कितीतरी मजकूर सोडवून दाखवले होते. या छंदाचा उपयोग त्यांनी 'द गोल्ड-बग' या गुप्तधनाच्या कथेत केला. सैन्यात असताना ज्या बेटावर ते राहिले होते, तेच या कथेचे स्थळ आहे. ही कथा त्यांनी आधी ग्रॅहम यांना ५२ डॉलरला विकली होती. फिलाडेल्फियाच्या 'डॉलर न्यूजपेपर'ने १०० डॉलरची स्पर्धा जाहीर केल्याचे कळताच त्यांनी ती परत घेतली, स्पर्धेला पाठवली आणि १८४३ साली बक्षीस मिळवले. नंतर ती कथा गावोगावच्या पत्रांनी उचलून छापली. पो यांच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे वर्षभरात तिच्या तीन लाख प्रती लोकांच्या हाती गेल्या. त्या पुनर्मुद्रणांबद्दल त्यांना काहीही मिळाले नाही.

असे का व्हावे, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या वेळी अमेरिकेत परदेशी लेखकांच्या पुस्तकांना कायद्याचे संरक्षण नव्हते. ते १८९१ साली मिळाले. त्यामुळे इंग्लंडमधील नामवंत लेखकांची पुस्तके अमेरिकन प्रकाशक फुकट छापून स्वस्तात विकत. जे फुकट मिळते ते सोडून आपल्या देशातील लेखकाला पैसे कोण देणार? मासिकांत आणि वर्तमानपत्रांत एकमेकांचा मजकूर उचलणे तर नित्याचेच होते. १८३९ च्या अखेरीस पो यांच्या पंचवीस कथांचा संग्रह दोन भागांत निघाला. त्याच्या ७५० प्रती छापल्या. मोबदला म्हणून लेखकाला मिळाल्या त्या पुस्तकाच्या काही प्रती, नफा प्रकाशकाचा. जगातील अव्वल दर्जाच्या अनेक भयकथा या व्यवहारात गेल्या.

म्हणूनच पो यांनी आयुष्यभर एक स्वप्न उराशी धरले होते. स्वतःचे मासिक काढावे, त्यात उत्तम लेखन छापावे आणि लेखकाला योग्य मोबदला द्यावा. १८४० साली त्यांनी त्याचे माहितीपत्रक छापले. वर्गणीदार पुरेसे मिळाले नाहीत. पुढे मासिकाचे नाव बदलले, भांडवलदार मिळाले, फिसकटले; मासिक निघाले नाही. या अपयशात त्यांचा स्वतःचाही वाटा होता. मद्याचा थोडासा अंमलही त्यांना सोसत नसे आणि ज्या दिवशी शुद्धीत राहणे अत्यावश्यक असे, नेमक्या त्या दिवशी तोल जाई. संपादक म्हणून केलेल्या बोचऱ्या टीकेने त्यांनी जोडलेले शत्रूही कमी नव्हते.

जानेवारी १८४२ मध्ये गाणे म्हणत असताना व्हर्जिनियाच्या मुखावाटे रक्त आले. तो क्षयरोग होता. नंतरची पाच वर्षे आशा आणि निराशा यांच्या हेलकाव्यात गेली. याच पाच वर्षांत पो यांच्या अनेक श्रेष्ठ कथा लिहिल्या गेल्या. १८४५ च्या जानेवारीत 'द रेव्हन' ही कविता प्रसिद्ध झाली आणि पो यांचे नाव सर्वतोमुखी झाले. रस्त्यात मुले त्यांच्यामागे पंख फडफडवल्यासारखे हातवारे करीत येत, असे सांगतात. कीर्ती आली, कवितेचा मोबदला मात्र मोजक्या डॉलरांचा होता. त्याच वर्षी उसनवारी करून त्यांनी एक साप्ताहिक ताब्यात घेतले. ते जानेवारी १८४६ मध्ये बंद पडले.

१८४६ च्या हिवाळ्यात हे कुटुंब न्यूयॉर्कजवळ फोर्डहॅम येथील एका छोट्या घरात राहत होते. घर तापवायला जळण नव्हते. भेटीला आलेल्या एका बाईंनी नंतर लिहून ठेवले आहे की, व्हर्जिनिया गवताच्या गादीवर निजलेली होती, अंगावर पतीचा जुना मोठा कोट होता आणि ऊब यावी म्हणून छातीशी घरातील मांजर धरलेले होते. वर्तमानपत्रांनी मदतीचे आवाहन केले. स्वाभिमानी पो यांना ते फार लागले. ३० जानेवारी १८४७ रोजी चोविसाव्या वर्षी व्हर्जिनिया गेली.

१८४९ साली पो पुन्हा आपल्या मासिकाच्या कल्पनेने उभे राहिले. वर्गणीदार मिळवण्यासाठी त्यांनी रिचमंडमध्ये व्याख्याने दिली. सप्टेंबरच्या अखेरीस तेथून ते निघाले. ३ ऑक्टोबर रोजी ते बॉल्टिमोरच्या एका मद्यगृहात, दुसऱ्या कोणाचे तरी वाटावेत अशा मळक्या कपड्यांत, भान हरपलेल्या अवस्थेत आढळले. मधल्या दिवसांत काय घडले, याचा उलगडा अजून झालेला नाही. ७ ऑक्टोबर रोजी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांचे वय चाळीस होते.

दोनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या एका दैनिकात टोपणनावाने मृत्युलेख आला आणि त्यात पो यांच्या चारित्र्याचे काळेकुट्ट चित्र रंगवलेले होते. तो लिहिणारे रूफस ग्रिस्वोल्ड हेच पुढे पो यांच्या समग्र वाङ्मयाचे संपादक झाले! पो यांच्या पत्रांत त्यांनी स्वतःच्या पदरची वाक्ये घातली. १९४१ साली आर्थर हॉबसन क्विन या चरित्रकाराने मूळ पत्रे समोर ठेवून ही बनवाबनवी उघड केली. तोपर्यंत नव्वद वर्षे वाचकांनी तेच चित्र खरे मानले होते.

कथा मात्र आपल्या वाटेने निघाल्या होत्या. फ्रान्समध्ये कवी बोदलेर यांनी अनेक वर्षे खपून त्यांचे भाषांतर केले. इंग्लंडमध्ये आर्थर कॉनन डॉइल यांनी १८८७ साली शेरलॉक होम्सला जन्म दिला. १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकाच्या अंकागणिक एक अशा होम्सच्या पूर्ण कथा येऊ लागल्या आणि त्या प्रकाराने डॉइल श्रीमंत झाले. पहिल्याच कादंबरीत होम्स दूपँला कमी लेखतो. डॉइल यांनी स्वतः मात्र पो यांचे ऋण उघडपणे मान्य केले. बंगालीत १९३२ सालापासून शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्शीच्या कथा आल्या. त्या बहुतेक कथा त्याचा मित्र अजित सांगतो. दूपँच्या अनामिक मित्राची वंशवेल ती हीच. जपानमधील हिराई तारो यांनी तर एडोगावा रांपो हे टोपणनाव घेतले. ते भरभर उच्चारले तर एडगर ॲलन पो असे ऐकू येते.

मारिया क्लेम जावयानंतर बावीस वर्षे जगल्या. ग्रिस्वोल्ड यांच्याशी झालेल्या व्यवहारात त्यांना रोख रक्कम मिळाली नाही. पो यांच्या ग्रंथांचे काही संच मिळाले. ते विकून त्या दिवस काढीत. पुढे ओळखीच्या लोकांच्या घरी आणि अखेरीस बॉल्टिमोरच्या एका धर्मादाय आश्रमात त्यांना राहावे लागले. १८७१ साली त्या तेथे वारल्या. हा आश्रम ज्या इमारतीत होता, तिथेच पूर्वी ते रुग्णालय होते, जेथे १८४९ साली पो यांनी डोळे मिटले होते. पो यांच्या थडग्यावर तेव्हाही नावाचा दगड नव्हता. बॉल्टिमोरच्या एका शिक्षिकेच्या पुढाकाराने शिक्षकांनी व शाळकरी मुलांनी नाणी जमवायला सुरुवात केली होती. त्यात दात्यांची भर पडली आणि १८७५ साली तेथे संगमरवरी स्मारक उभे राहिले. मारिया क्लेम यांचे थडगेही त्याच जागी आहे.